जवळच्या संस्थेला मदत करायची आहे? पहिल्या फोनपासून पहिल्या वर्षापर्यंत

पितृपक्षात आणि दिवाळीच्या आठवड्यात बहुतेक वृद्धाश्रमांची, बालगृहांची अन्नदानाची वही भरलेली असते. एकाच दिवशी दोन-तीन देणगीदार जिलेबी-मठ्ठा घेऊन दारात उभे, आणि रात्री उरलेल्या लाडवांचं काय करायचं हा व्यवस्थापकापुढचा प्रश्न. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीच वही कोरी असते. नेमक्या त्याच वेळी गणवेश, वह्या, बसचे पास, गळकं छप्पर आणि उन्हाळ्यातलं वाढीव वीजबिल एकदम अंगावर येतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: विचारून द्या, झेपेल तेवढंच द्या, आणि आडदिवशी द्या. हे प्रत्यक्षात कसं जमवायचं ते पुढे.

संस्था कुठे शोधायची

वरोऱ्याचं आनंदवन (१९४९) किंवा हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प (१९७३) ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांना देणगी जरूर पाठवावी. सलग आठ दिवस काढता येत असतील, तर महारोगी सेवा समितीच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीलाही जावं, ती मे महिन्यात असते. पण दर आठवड्याला तास-दोन तास द्यायचे असतील तर घरापासून अर्ध्या तासाच्या आत असलेली संस्थाच निवडा. स्वयंसेवक सुटतात ते उत्साह संपला म्हणून कमी आणि पावसात दोन बस बदलाव्या लागल्या म्हणून जास्त.

नावं मिळवायच्या काही जागा लोकांच्या लक्षात येत नाहीत. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक रोज बेवारस आणि गरीब रुग्णांसाठी फोन फिरवत असतात, त्यामुळे रात्री दहाला कोणती संस्था फोन उचलते हे त्यांना बरोबर माहीत असतं. बालगृहांची यादी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळते, दिव्यांगांच्या शाळांची माहिती जिल्हा परिषदेकडे. जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारलं तर वस्तीत संध्याकाळचा वर्ग कोण चालवतं ते कळतं. इंटरनेटवर सर्वांत वर दिसणारी संस्था बहुधा जाहिरातीवर खर्च करणारी असते. त्यावरून ती वाईट ठरत नाही, पण तिला तुमची गरज कमी असू शकते.

दोन-तीन नावं निघाली की फोन करा. सकाळी नऊच्या आत स्वयंपाक आणि शाळेची धांदल असते, दुपारी एक ते तीन वामकुक्षी. अकरा ते साडेबारा ही बरी वेळ. "आम्हाला काहीतरी करायचंय, काय करू?" असा मोघम प्रश्न टाकू नका. चार गोष्टी विचारा: या महिन्यात काय कमी पडतंय, काय जास्त झालंय, भेटायला कधी यावं, आणि देणगीची पावती कोण देतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोकळेपणाने देणारी संस्था साधारणपणे नीट चाललेली असते. "जे द्याल ते चालेल" हे उत्तर संकोचातूनही येतं, तेव्हा पुन्हा विचारा: "या महिन्यात बाजारातून विकत काय आणलंत?"

कागद बघणं म्हणजे अविश्वास नव्हे

महाराष्ट्रात धर्मादाय संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. नोंदणी क्रमांकाच्या आधी अक्षर असतं: 'ई' बहुधा ट्रस्टसाठी, 'एफ' सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेसाठी. सोसायटीकडे दोन क्रमांक असतात, एक सोसायटी नोंदणीचा आणि एक 'एफ'चा, त्यामुळे दोन वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी असतात. त्यांची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडते. महाराष्ट्राचा हा कायदा गोव्यात लागू नाही, तिथे सोसायटीचं किंवा ट्रस्टचं नोंदणीपत्र आणि प्राप्तिकराचे कागद पाहावेत.

मोठी रक्कम देण्याआधी, समजा दहा हजारांच्या पुढे, एवढं मागा: नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा उतारा (त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते), संस्थेचं पॅन, ८०-जी (देणगीदाराला करसवलत देणारं प्राप्तिकराचं कलम) मान्यतेचा आदेश आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. उताऱ्यावरचे विश्वस्त आणि प्रत्यक्ष काम पाहणारे विश्वस्त यांत फरक दिसेल. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला 'चेंज रिपोर्ट', द्यावा लागतो. तो मंजूर व्हायला मात्र अनेकदा फार वेळ जातो. अर्ज दाखल झाल्याची पोच दाखवली तर पुरे. अर्जच केलेला नसेल आणि उताऱ्यावरचे निम्मे विश्वस्त हयात नसतील, तर मात्र जपून.

नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक बऱ्याच पत्रकांवर ठळक छापलेला असतो. ती फक्त नोंद आहे. संस्थेचं काम कुणी तपासलं असा त्याचा अर्थ होत नाही.

अहवालात ताळेबंद (परिशिष्ट आठ) आणि उत्पन्न-खर्च पत्रक (परिशिष्ट नऊ) ही दोन पानं पुरतात. आकड्यांचा बाऊ करू नका, तीन जागा बघा. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना दिलेली उचल किंवा कर्ज असेल तर कारण विचारा. मुदत ठेवी वर्षाच्या खर्चाच्या पाच-सात पट असतील तर तुमचे पाचशे रुपये दुसरीकडे जास्त कामी येतील. आणि लेखापरीक्षकाचे शेरे वाचा. ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात, पण खरी बातमी तिथेच.

पगारांचा आकडा पाहून नाक मुरडणारे पुष्कळ. चाळीस मुलांच्या बालगृहाला स्वयंपाकी, दिवसपाळी-रात्रपाळीच्या काळजीवाहक, समुपदेशक, अधीक्षक, हिशेबनीस लागतात. पगारावर जवळजवळ काहीच खर्च नाही अशी संस्था कशी चालते, हा प्रश्न उलट जास्त महत्त्वाचा. "माझा पैसा पगारात जायला नको" अशी अट घालणाऱ्या देणगीदारांमुळे चांगली माणसं संस्था सोडतात, आणि वर्षातून तीनदा बदललेल्या काळजीवाहकांची झळ मुलांना बसते.

बालगृहाच्या बाबतीत एक जादा कागद. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी नसलेल्या ठिकाणी मुलं ठेवणं हा गुन्हा आहे. "अनाथाश्रम" अशी पाटी आहे पण ही नोंदणी दाखवत नाहीत, मुलं कुठून आली हे सांगत नाहीत, बाल कल्याण समितीचं (मुलांना संस्थेत ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीचं) नाव काढलं की विषय बदलतात, तर पैसे देऊ नका आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा.

पैसे देताना

वस्तूंपेक्षा पैसे, आणि एकरकमी रकमेपेक्षा दरमहा येणारे पैसे संस्थेला जास्त उपयोगी पडतात. दरवर्षी दिवाळीत सहा हजार देणाऱ्यापेक्षा महिन्याला पाचशे देणारा हिशेबनिसाला प्रिय, कारण त्या भरवशावर किराणा दुकानदाराला शब्द देता येतो. बँकेत स्थायी सूचना द्या किंवा यूपीआयचं ऑटोपे लावा. तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली ठेवा, पगार आणि किराणा तेव्हाच निघतो.

रक्कम ठरावीक कामासाठीच वापरा अशी अट घालण्याआधी थांबा. 'फक्त शिक्षणासाठी' म्हणून खूप पैसा येतो आणि पाण्याच्या मोटारीला पैसा नसतो, हे नेहमीचं दुखणं आहे. 'संस्थेच्या गरजेनुसार' असं लिहून दिलेले पैसे सर्वांत कामाचे. रक्कम कायम निधीत जावी, म्हणजे मुद्दल राखून व्याजच खर्च व्हावं असं वाटत असेल, तर तसं लेखी पत्र देणगीसोबत द्यावं लागतं. तोंडी सांगून ते हिशेबात तसं धरता येत नाही.

पैसे संस्थेच्या नावच्या खात्यातच जायला हवेत. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव येतं ते वाचा. संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर व्यवहार पुढे नेऊ नका, मग समोरचा "सरांचंच खातं आहे" असं कितीही म्हणो. चौकात किंवा लोकलच्या डब्यात पेटी फिरवणाऱ्यांकडे नोंदणी क्रमांक मागितला की बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं. गणेशोत्सव मंडळांसारख्या नोंदणी नसलेल्या मंडळांनाही वर्गणी गोळा करायला कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. ती मागून पाहायचा तुम्हाला हक्क आहे.

आता करसवलत. यावर गैरसमज फार, म्हणून जरा सविस्तर. बहुतेक स्थानिक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. समजा जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न ८ लाख आहे आणि २०,००० दिले. वजावट १०,००० ची. २० टक्के दराने वाचलेला कर २,००० आणि उपकर धरून २,०८०. शिवाय एका वर्षातली वजावटीला पात्र देणगी सुधारित ढोबळ उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते. नव्या करप्रणालीत ८०-जीची वजावट मिळतच नाही. रोख २,००० च्या वर दिले तर वजावट शून्य. तांदूळ, कपडे, संगणक अशा वस्तूंवरही शून्य, किंमत कितीही असो. वस्तूंवर 'ऐंशी-जीची पावती करून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्या संस्थेच्या हिशेबाबद्दल तिथेच शंका घ्यावी.

पावतीवर बघायचं ते असं: संस्थेचं नाव-पत्ता, धर्मादाय नोंदणी क्रमांक, पॅन, ८०-जी मान्यतेचा क्रमांक आणि तारीख, तुमचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, कशाने दिली, कशासाठी. एवढ्यावर वजावट मिळत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्था प्राप्तिकर खात्याला सगळ्या देणग्यांचं विवरण (१० बीडी) देते आणि त्यातून तुमच्या नावाचं १० बीई प्रमाणपत्र निघतं. ते नसेल तर वजावटीचा दावा अडकतो. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. बोलताना सगळे 'ऐंशी-जी'च म्हणणार, पण विवरणपत्र भरताना त्या वर्षीचा क्रमांक सीएकडून विचारून घ्या.

प्रमाणपत्र न मिळण्याची कारणं ठरलेली. यूपीआयने पैसे गेले, संस्थेला आले, पण कुणाचे ते कळलंच नाही. पैसे भरल्या भरल्या नाव, पॅन, पत्ता, रक्कम आणि व्यवहार क्रमांक असा एकच संदेश हिशेबनिसाला पाठवा. दुसरं कारण, पैसे पत्नीच्या खात्यातून आणि पॅन नवऱ्याचं. तिसरं, ऑफिसातल्या दहा जणांनी वर्गणी काढून एकाने भरली. प्रमाणपत्र त्या एकाच्याच नावे निघतं, नंतर ते वाटून मिळत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एक फोन करून आपली नोंद बरोबर आहे ना ते विचारा. मेच्या अखेरीस तोच हिशेबनीस शेकडो नोंदींखाली गाडलेला असतो.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: तुम्ही भारतीय नागरिक असाल, पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत मात्र संस्थेला द्या. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ती देणगी परकीय अंशदान नियमन कायद्याखाली येते. ती फक्त त्या कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. बाळाच्या बारशानिमित्त न्यू जर्सीहून गावच्या वाचनालयाच्या साध्या खात्यात पाठवलेले डॉलर त्या वाचनालयाला कायदेशीर अडचणीत आणू शकतात. आधी विचारा, मग पाठवा.

वस्तू: काय द्यावं, काय घरीच ठेवावं

जुन्या कपड्यांचं गाठोडं संस्थेच्या फाटकात ठेवून जाणं म्हणजे दुसऱ्याला निवडायला बसवणं. घरीच निवडा. धुतलेले, वाळलेले, सगळी बटणं आणि चेन शाबूत असलेले. वयोगटाप्रमाणे पिशव्या करून वर चिठ्ठी: 'मुलगा, ८ ते १०, ६ शर्ट, ४ पँट'. वापरलेले अंतर्वस्त्र, पायमोजे, डाग पडलेल्या चादरी अजिबात नकोत. बुटांच्या जोड्या नाडीने एकमेकींना बांधा, नाहीतर पोत्यात एकेक पाय वेगळा होतो. स्वेटर आणि चादरी ऑक्टोबरात द्या. डिसेंबरच्या अखेरीस सगळेच देतात.

पुस्तकांमध्ये जुनी गाइडं आणि बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं म्हणजे सरळ रद्दी. बालभारतीच्या पुस्तकाच्या आत छापलेलं वर्ष पाहूनच द्या. गोष्टींची पातळ, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं नेहमी कमी असतात. लॅपटॉप देताना चार्जर सोबत हवा, स्वतःची माहिती पूर्ण पुसलेली हवी आणि यंत्र चालू होऊन पाच मिनिटांत वापरता यायला हवं. त्याहून मंद असेल तर ई-कचऱ्यात द्या.

औषधांच्या अर्ध्या पट्ट्या कुणालाही देऊ नका. कापलेल्या पट्टीवर तारीख राहत नाही, आणि संस्थेत ती देणारा माणूस डॉक्टर नसतो. डॉक्टर असलेल्या दवाखान्याला, न उघडलेली, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेली औषधं चालतात, तीही विचारून. घरी आजारपण होऊन गेलं असेल तर वॉकर, चाकाची खुर्ची, हवेची गादी, कमोड खुर्ची या गोष्टी सोन्यासारख्या. कित्येक गावांत रुग्णसाहित्य केंद्रं अनामत घेऊन त्या घरी वापरायला देतात. ब्रेक, स्क्रू तपासून आणि पुसून द्या.

वृद्धाश्रमात कायम लागणारी आणि देणगीदारांना न सुचणारी वस्तू म्हणजे मोठ्यांचे डायपर आणि अंडरपॅड. माप विचारा. सैल डायपर गळतो, घट्ट डायपरने जांघेत कातडी सोलते. मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅड, तेल, कंगवे, केसांच्या पिना. यांचा फोटो काढून कुठे टाकता येत नाही म्हणून कुणी देत नाही, असं वाटण्याइतपत यांची कमतरता असते.

जेवण द्यायचं असेल तर

सर्वांत सोपं म्हणजे शिधा देऊन संस्थेच्या स्वयंपाकघरातच शिजवू देणं. चाळीस मोठ्या माणसांच्या एका साध्या जेवणाला अंदाजे तांदूळ ३ किलो, तूरडाळ सव्वा किलो, कणीक साडेतीन ते चार किलो, भाजी ५ किलो, तेल अर्धा लिटरच्या थोडं वर. वसतिगृहात बारा ते सोळा वयाची मुलं असतील तर कणीक दीडपट धरा. भात उरतो, पोळी कमी पडते.

बाहेरून शिजवून आणणार असाल तर शिजल्यापासून पानात पडेपर्यंत चार तासांच्या आत बसवा. एवढं अंतर गाठता येत नसेल तर पनीर, दह्याचे पदार्थ आणि नारळाची चटणी वगळा, उन्हाळ्यात तर वगळाच. भात-खिचडी उंच पातेल्यात झाकून नेली की आतून आंबते, पसरट भांड्यात न्या. वृद्धांसाठी चकली-शेव नको, भाजी मऊ, तिखट-मीठ बेताचं. मधुमेही किती आहेत ते विचारून गोड त्या हिशेबाने करा. सगळ्यांपुढे शिरा आणि सात जणांपुढे रिकामी वाटी, असं होऊ देऊ नका. लग्नातलं उरलेलं अन्न द्यायचं तर आदल्या दिवशीच संस्थेशी किंवा अन्न गोळा करणाऱ्या गटाशी बोलून ठेवा. रात्री अकराला फोन केला तर घेणारे झोपलेले असतात. ताटात वाढून उरलेलं अन्न देऊच नये.

वाढदिवस बालगृहात साजरा करायची पद्धत हल्ली फार बोकाळली आहे. दुसऱ्याच्या मुलाने केक कापायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे महिन्यात सहा वेळा त्या मुलांच्या वाट्याला येतं. त्यापेक्षा संस्थेकडून त्या महिन्यात ज्या मुलांचे वाढदिवस आहेत त्यांचं वय विचारा, तेवढ्यासाठी पैसे द्या आणि घरी बसा.

स्वयंसेवा: आधी तीन महिने

पहिल्या भेटीत अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि मुलांसोबत काम असेल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जाईल. राग मानू नका. न मागणाऱ्या संस्थेबद्दलच काळजी वाटायला हवी. आठवड्यातून दोन तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ, निदान तीन महिने, एवढाच शब्द द्या. सुरुवातीच्या भरात आठवड्याचे चार दिवस कबूल करणारे तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात. प्रवासखर्च कोण करणार, न येता आलं तर कुणाला किती आधी कळवायचं, हेही त्याच दिवशी ठरवून घ्या.

मुलांना शिकवायचं असेल तर इयत्ता पाहून सुरुवात करू नका. सहावीतल्या मुलाला दुसरीचा उतारा अडखळत वाचता येतो, हे नेहमी दिसतं. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात वापरतात त्या पायऱ्या सोप्या आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं जवळ बसवून तो कुठल्या पायरीवर आहे ते वहीत लिहा आणि त्याप्रमाणे चार-पाच जणांचा गट करा. वही संस्थेत ठेवा, घरी नेऊ नका. तुम्ही आला नाहीत तर दुसऱ्याला तिथून पुढे जाता येतं. गृहपाठ उरकून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे, पण परीक्षेच्या आठवड्यात तेही करावं लागतं.

शिकवण्यापलीकडची कामं जास्त अडलेली असतात, आणि त्याला माणूस मिळत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणं, सप्टेंबरच्या आत लेखापरीक्षणाची कागदपत्रं लावणं, एप्रिल-मेमध्ये देणगीदारांची पॅन यादी जुळवणं. इलेक्ट्रिशियनने चार तास देऊन जुन्या तारा आणि अर्थिंग तपासलं, प्लंबरने तीन गळके नळ बदलले, तर तेवढ्याने महिन्याचं बिल उतरतं. निवृत्त बँक किंवा तहसील कर्मचारी असाल तर तुमच्यासाठी कामाचा डोंगर आहे: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारमधली दुरुस्ती, दिव्यांगांचं यूडीआयडी (ओळख) कार्ड, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज. सेतू केंद्रात रांगेत उभं राहणारा आणि 'त्रुटी' लिहून परत आलेला अर्ज चिकाटीने पुन्हा भरणारा माणूस प्रत्येक संस्थेला हवा असतो. नोव्हेंबरात वृद्धाश्रमातल्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले भरायचे असतात. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, पण आजींच्या पेन्शनचा पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक शोधण्यातच अर्धा दिवस जातो. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांचं आधी उरका.

वृद्धाश्रमात नुसतं बोलायला जाणार असाल तर सकाळी दहा किंवा दुपारी चारची वेळ धरा. "तुमची मुलं कुठे असतात?" हा पहिला प्रश्न असू नये. पेपर वाचून दाखवा, पत्ते खेळा, फोनवर जुनं गाणं शोधून द्या. बाहेरचा खाऊ परस्पर देऊ नका. नखं कापून द्यायचा मोह होतो, तो आवरा. मधुमेह्याच्या पायाला लागलेली बारीक जखमही चिघळते, ते काम परिचारिकेचं.

मुलांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो

संस्थेतल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलेला वह्यावाटपाचा फोटो यात येत नाही असं समजू नका. फोटो हवाच असेल तर वस्तूंचा काढा.

बंद खोलीत एका मुलासोबत एकटं बसू नका, दार उघडं ठेवा. मुलाला स्वतःचा फोन नंबर, पैसे, मोबाइल देऊ नका. 'एक दिवस घरी नेतो', 'दत्तक घेऊ' असलं काही त्याच्यापुढे बोलायचं नाही. बाहेर नेण्यासाठी परवानगीची रीतसर पद्धत आहे आणि दत्तक फक्त 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून होतं. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर खोदून विचारू नका, त्याचे शब्द तसेच्या तसे लिहून ठेवा. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, फक्त अधीक्षकांच्या कानावर घालून जबाबदारी संपत नाही.

पूर आला की

२०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर, २०२१ चं चिपळूण-महाड, २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर. दर वेळी पहिल्या तीन दिवसांत ट्रक भरून निघायची घाई होते. रस्ते अडलेले असताना न विचारता गेलेला ट्रक मदतीच्याच वाटेत उभा राहतो. पाणी ओसरल्यावर लागतात त्या वस्तू वेगळ्या: फावडी, घमेली, गमबूट, रबरी हातमोजे, ब्लीचिंग पावडर, खराटे, नव्या चादरी, स्टोव्ह, शाळेचे दप्तर. आणि हात. चिखल काढायला दहा-बारा जणांची टोळी दोन दिवस राहिली तर दोन-तीन घरं राहण्याजोगी होतात. जाताना स्वतःचं जेवण-पाणी, झोपायची सोय आणि परतीचा डिझेलखर्च घेऊनच जा, लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) प्रतिबंधक गोळी आधी डॉक्टरांना विचारून घ्या. पैसे तिथल्या, आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला किंवा मुख्यमंत्री साहाय्यता निधीला द्या. या निधीला जुन्या करप्रणालीत १०० टक्के वजावट आहे.

थांबायचं असेल तेव्हा

बदली होते, घरी आजारपण येतं, कधी नुसताच कंटाळा येतो. महिनाभर आधी सांगा. वहीत कोण मूल कुठल्या पायरीवर आहे, कुठला अर्ज कोणत्या टेबलावर अडलाय, कुठल्या बिलाची पावती यायची आहे, हे दोन पानांत लिहून द्या आणि शक्य असेल तर पुढच्या माणसाला एकदा सोबत घेऊन जा. मुलांना स्वतः सांगून निरोप घ्या, अचानक गायब होणारी माणसं त्यांनी आधीच पुष्कळ पाहिलेली असतात. 'परत येतो' म्हणायचं तर तारीख ठरलेली असेल तरच. ऑटोपे बंद करणार असाल तर त्याची खबर हिशेबनिसाला मार्चच्या आत द्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकातून तेवढी रक्कम वेळेत वगळता येते.